साडेसहाची भूक आणि रविवारचा दीड तास

"मॅडम, हा काही जेवतच नाही." लहान मुलांच्या दवाखान्यात ताप-सर्दीच्या खालोखाल ऐकू येणारी तक्रार ही. दोन-अडीच वर्षांचं मूल, सोबत ऑफिसमधून थेट आलेली आई किंवा बाबा. मी विचारते, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात गेलं, ते क्रमानं सांगा." सकाळी दूध आणि दोन बिस्किटं. दुपारी पाळणाघरात वरणभात. इथपर्यंत ठीक असतं. मग संध्याकाळ येते. साडेसहाला घरी आल्यावर भूक भूक म्हणून रडलं, म्हणून बिस्किटाचा पुडा. तरी रडणं थांबेना, म्हणून बाटलीभर दूध. साडेआठला पोळीभाजी तयार झाली तेव्हा त्याला भूक नव्हती. रात्री झोपताना पुन्हा दूध.

म्हणजे मूल जेवत नाही असं नाही. मूल साडेसहाला जेवायला तयार असतं, आणि घरातलं जेवण साडेआठला तयार होतं. मधल्या दोन तासांत जे हाताला लागेल ते त्याच्या पोटात जातं. लहान मुलाचं पोट लहान असतं. चार बिस्किटं आणि एक पेला दूध एवढ्यावर ते भरतं.

हे रोज घडलं तर काय होतं? दुधातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं, पण लोह जवळजवळ मिळत नाही. एक वर्षानंतर मूल दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा बरंच जास्त दूध पिऊ लागलं, की डाळ, उसळ, भाजी, अंडं यांना पोटात जागाच उरत नाही. मग रक्तातलं लोह कमी होतं, लोह कमी झालं की भूक मंदावते, आणि भूक मंदावली म्हणून घरचे आणखी दूध देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतातल्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत. गरिबी आहे, जंत आहेत, आईचाच रक्तक्षय आहे. पण ज्या घरात पैशाची फारशी अडचण नाही, तिथेही हे मूल मला भेटतं, आणि तिथे मुख्य अडचण वेळेची असते.

"घरचं, ताजं, चौरस जेवण द्या," असं केसपेपरवर लिहायला अर्धा मिनिट लागतो. ते रोज संध्याकाळी प्रत्यक्षात कसं आणायचं, हा खरा प्रश्न. मीही दोन मुलांची आई आहे, एक सात वर्षांचा, एक तीन वर्षांची. माझी संध्याकाळची ओपीडी साडेपाचला सुरू होते आणि मुलांच्या जेवणाच्या वेळी मी घरी नसते. त्यामुळे आमच्या घरी जेवण असं असावं लागतं, की सासूबाई किंवा नवरा, जो कोणी घरी असेल, त्याला ते दहा-पंधरा मिनिटांत ताटात आणता आलं पाहिजे. त्यातून जी पद्धत बसली, ती आणि तिच्यामागचं शास्त्र आज सांगते.

सगळं आधी करायचं नाही

आठवड्याचा स्वयंपाक रविवारी करून डबे भरून ठेवायचे, ही कल्पना आपल्याकडे फारशी चालत नाही. बुधवारी रविवारची भाजी कोणी आवडीनं खात नाही, मुलं तर नाहीच. आणि ते सुरक्षितही नसतं.

पण कुठल्याही पदार्थाचे टप्पे पाहा. मुगाची उसळ घ्या. मूग निवडणं, भिजवणं, मोड आणणं, कांदा-टोमॅटो चिरणं, वाटण परतणं, फोडणी, शिजवणं. यातला शेवटचा टप्पा पंधरा मिनिटांचा. वेळ खातात ते आधीचे. ते आधीचे टप्पे रविवारी उरकायचे आणि शेवटची पंधरा मिनिटं त्या त्या दिवशी. जेवण गरम आणि ताजं मिळतं, आणि संध्याकाळी साडेसहाला "आज काय करू" हा प्रश्न उरत नाही. माझ्या अनुभवात थकवा कामापेक्षा या प्रश्नाचा जास्त असतो.

आपल्या स्वयंपाकाला हे नवीनही नाही. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, दाण्याचं कूट, कोरड्या चटण्या हे सगळं आधी करून ठेवलेलंच आहे. प्रवासासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या असायच्या, त्याही टिकाव्यात म्हणूनच.

"शिळं देऊ नये" यात खरं किती?

हा प्रश्न घरातल्या मोठ्यांकडून हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फ्रिज नसलेल्या घरात आणि आपल्या हवेत शिळं न देणं हा अगदी योग्य नियम होता. आज तो थोडा बारकाईनं समजून घ्यावा लागतो.

अन्न बिघडवणारे बहुतेक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्यानं वाढतात. आपल्या ओट्यावरचं तापमान याच पट्ट्यात येतं. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे प्रश्न अन्न किती तासांपूर्वी केलं हा नसून, ते किती तास कोमट राहिलं हा आहे. सकाळी आठला केलेली आणि दुपारी दोनपर्यंत ओट्यावर राहिलेली भाजी "आजची" असली, तरी काल रात्री लगेच फ्रिजमध्ये गेलेल्या वरणापेक्षा ती जास्त जोखमीची.

यात भाताबद्दल वेगळं सांगायला हवं. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर झाकून राहिला, की ते पुन्हा जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उष्णतेनं नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी त्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली, तरी उपयोग नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. फोडणीचा भात मलाही आवडतो. फक्त रात्रीचा उरलेला भात जेवण झाल्या झाल्या ताटात पसरून निववायचा आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याला वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. मुलांच्या रात्रीच्या जेवणाला मात्र आमच्याकडे भात रोज ताजाच लागतो, कारण कुकरला त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

फ्रिजचे आणखी काही साधे नियम:

• मोठं पातेलंभर गरम वरण तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर ते मध्यभागी कित्येक तास कोमट राहतं. छोट्या, उथळ डब्यांत वाटून ठेवा, लवकर गार होतं.

• जेवढं लागेल तेवढंच बाहेर काढा, वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच गरम करा. सगळं पातेलं रोज बाहेर, रोज गरम, पुन्हा आत, हे टाळा.

• मुलाच्या वाटीत उरलेलं परत डब्यात ओतू नका. चमच्याला लागलेल्या लाळेबरोबर तोंडातले जंतूही आत जातात.

• फ्रिज गच्च भरू नका. थंड हवा फिरायला जागा हवी.

• वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल, तर शिजवलेले पदार्थ मुलांना देऊ नका.

• चिकन किंवा मासे फ्रीजरमधून काढून ओट्यावर वितळवू नका. आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. एकदा वितळलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवू नका.

तीन थर

मी स्वयंपाकाच्या तयारीकडे तीन थरांत पाहते. प्रत्येकाचं टिकण्याचं कारण वेगळं, त्यामुळे मुदतही वेगळी.

पहिला थर कोरड्या बरण्यांचा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नाचणीचं पीठ, भाजलेला रवा, दाण्याचं कूट, तिळाची आणि जवसाची चटणी. यांत पाणी नसतं, आणि पाण्याशिवाय जंतूंना वाढता येत नाही, म्हणून हे टिकतं. एक ओला चमचा मात्र सगळं बिघडवतो. दाणे, तीळ, जवस यांच्यातलं तेल हवेनं खवट होतं, म्हणून ही कुटं आणि चटण्या थोड्या थोड्या करा, दोन-तीन आठवड्यांत संपतील एवढ्याच. दाण्यांना किंवा पिठाला बुरशीचा वास आला, किंवा दाणे काळपट दिसले, तर निवडत बसू नका, टाकून द्या. बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

या बरण्या म्हणजे नुसती सोय नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. भाजणीत धान्य आणि डाळी एकत्र येतात, त्यामुळे एकातल्या प्रथिनांची उणीव दुसऱ्यातून भरून निघते. बाजारात मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या दुधात घालायच्या पावडरींच्या डब्यावर साखरेचा आकडा एकदा वाचून पाहा आणि मग भाजणीकडे बघा.

दुसरा थर फ्रिजचा, दोन-तीन दिवसांचा. मोड आलेले मूग किंवा मटकी, उकडलेले बटाटे आणि रताळी, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळलेली मेथी-पालक, इडलीचं आंबलेलं पीठ, फोडणी न दिलेलं शिजलेलं वरण, सालासकट उकडलेली अंडी. पोळ्यांची कणीक भिजवून, वर तेलाचा हात लावून ठेवता येते, पण ती चोवीस तासांत संपवा. ओल्या नारळाचं वाटण या थरात ठेवू नका, ते लवकर आंबतं. खोबरं फ्रीजरमध्ये ठेवा आणि शेवटी घाला.

तिसरा थर फ्रीजरचा. कांदा, टोमॅटो, आलं, लसूण तेलावर नीट परतून वाटायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं आणि गोठल्यावर वड्या काढून डब्यात ठेवायच्या. मीठ, तिखट त्यात घालायचं नाही. एक-दोन वड्या म्हणजे चौघांच्या उसळीचं वाटण तयार. याशिवाय शिजवलेले छोले किंवा राजमा एका वेळेच्या डब्यांत, खवलेला नारळ, हिवाळ्यात स्वस्त असताना सोलून ठेवलेले मटार. हे सगळं महिनाभर चालतं. गोठवल्यानं बहुतेक जीवनसत्त्वं टिकून राहतात. कमी होतं ते मुख्यतः क जीवनसत्त्व, तेही शिजवण्यात आणि नुसतं पडून राहण्यात. म्हणून ते ताटात ताजं द्यायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

रविवारचा दीड तास

शनिवारी रात्री झोपताना दोन पातेल्यांत एक वाटी छोले आणि एक वाटी मूग भिजत घालायचे. याला पाच मिनिटं लागतात आणि याचीच आठवण राहत नाही, म्हणून आमच्याकडे शनिवारी रात्रीचा फोनचा गजर लावलेला आहे.

रविवारी सकाळी मूग उपसून, निथळून फडक्यात बांधायचे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. कुकर दोनदा लावायचा, एकदा छोल्यांचा, एकदा बटाटे-रताळ्यांचा. कुकर चालू असताना बाजूच्या शेगडीवर कांदा-टोमॅटोचं वाटण परतायचं. ते झालं की त्याच कढईत रवा, मग दाणे. नवरा पालेभाजी निवडतो. मोठा मुलगा भाजलेले, गार झालेले दाणे चोळून सालं काढतो आणि धाकटी त्या सालांवर फुंकर मारून स्वयंपाकघरभर ती उडवते. झाडावं लागतं. पण स्वतः सोललेल्या दाण्यांचं कूट कोशिंबिरीत घातलं की ती कोशिंबीर तो खातो, हेही खरं. मूल ज्या पदार्थाला हात लावतं, तो तोंडात घालायची शक्यता वाढते.

आठवडा मग असा जातो:

सोमवार: मुगाची उसळ, पोळी, वर लिंबू. वाटणाच्या दोन वड्या, मूग, पाणी, पंधरा मिनिटं.

मंगळवार: भाजणीत दुधी किंवा गाजर किसून थालीपीठ, सोबत दही.

बुधवार: वरणभात, तूप, मेतकूट. वरणात मूठभर चिरलेला पालक. वरण जरा जास्तच लावायचं.

गुरुवार: फ्रिजमध्ये ठेवलेल्या कालच्या वरणाला उकळी आणून वरणफळं. मुलांना चकोल्यांचे आकार कापायला द्यायचे.

शुक्रवार: फ्रीजरमधले छोले सकाळी खाली फ्रिजमध्ये काढून ठेवलेले असतात. संध्याकाळी वाटणात एक उकळी, पोळी, काकडी.

शनिवार: इडली, किंवा अंड्याची पोळी, किंवा भाजलेल्या रव्याचा भाज्या घातलेला उपमा. कधी बाहेरून मागवलेलंही. आठवड्यातून एकदा बाहेरचं खाल्ल्यानं कोणाचं काही बिघडत नाही.

पोळ्यांसाठी आमच्याकडे मावशी येतात. ज्यांच्याकडे येत नाहीत, त्यांनी आठवड्यातले तीन दिवस भात, थालीपीठ किंवा इडलीचे ठेवावेत. रोज संध्याकाळी पोळी झालीच पाहिजे असा काही वैद्यकीय नियम नाही.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. उसळ शिजली, मीठ बेतानं घातलं, की मुलांचं आधी काढून घ्यायचं. मग मोठ्यांसाठी वरून तिखटाची फोडणी. एकाच कढईत दोन्ही होतं.

आणि साडेसहाला? त्या वेळी पूर्ण जेवण तयार असणं सगळ्यांना जमणार नाही. पण उकडलेलं रताळं, अर्धं अंडं, दह्यात कालवलेलं मेतकूट आणि पोहे, केळं, दाण्याचा किंवा हळिवाचा एखादा छोटा लाडू, यातलं काहीतरी दोन मिनिटांत देता येतं. हे थोडंच द्यायचं, म्हणजे साडेसात-आठला जेवायला भूक उरते. दूध द्यायचं तर जेवणानंतर, पेल्यातून.

लोहासाठी तीन छोट्या गोष्टी

डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. धान्य-कडधान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला अडकवून ठेवतं. भिजवल्यानं, मोड आणल्यानं आणि आंबवल्यानं हे फायटेट कमी होतं. म्हणजे आपल्या रविवारच्या तयारीतल्या भिजवण्यानं आणि मोड आणण्यानं वेळ वाचतो, शिवाय तेच लोह जास्त कामी येतं.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. त्यामुळे लोहाचं शोषण वाढतं. उसळीवर जेवताना पिळलेलं लिंबू, बाजूला टोमॅटोची फोड, जेवणानंतर पेरूचा तुकडा, एवढं पुरतं. लिंबू शिजताना घालू नका, वाढताना पिळा.

तिसरी गोष्ट चहा. अनेक घरांत तीन वर्षांच्या मुलालाही जेवणाच्या आसपास बशीत थोडा चहा मिळतो. चहा लोहाचं शोषण कमी करतो. लहान मुलांना तो देऊच नये.

लोखंडी कढईत केलेल्या, विशेषतः टोमॅटो-चिंच घातलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं. जरूर वापरा, फक्त झालेली भाजी लगेच स्टीलच्या भांड्यात काढा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलाचं हिमोग्लोबिन कमी आलं असेल, तर ते फक्त पालक, खजूर आणि बीट यांनी भरून निघत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवून लोहाचं औषध सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यावं लागतं. ही मुदत महिन्यांची असते. आकडा सुधारला म्हणून औषध मध्येच थांबवू नका, शरीरातला साठा भरायला त्यापुढेही वेळ लागतो. लोहाची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा, जास्त मात्रा पोटात गेली तर ती विषारी ठरते. चांगलं जेवण हे औषध संपल्यावर पुन्हा तीच वेळ येऊ नये यासाठी असतं.

अगदी लहान बाळांसाठी

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालेल्या बाळासाठी घरातली हीच तयारी वापरता येते, थोडी काळजी घेऊन. एक वर्षापर्यंत बाळाच्या अन्नात मीठ, साखर घालू नका आणि मध अजिबात देऊ नका. मधामुळे या वयात बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाचं वरण, खिमट, नाचणीची खीर शक्यतो त्या त्या वेळी करा. भाजलेलं, दळलेलं पीठ तयार असेल तर ते दहा मिनिटांत होतं. आधी करून ठेवायचंच असेल तर लगेच फ्रिजमध्ये, छोट्या डब्यात, आणि चोवीस तासांत संपवा.

मोड आलेली कडधान्यं लहान मुलांना कच्ची देऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. नीट शिजवून द्या. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे, चणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नका. घशात अडकतात. दाण्याचं कूट द्या, द्राक्षं उभी चिरून द्या, गाजर किसून किंवा वाफवून द्या.

बिघडलेलं काही खाण्यात आलं आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर जलसंजीवनी थोडी थोडी, चमच्याचमच्यानं देत राहा. उलट्या थांबत नसतील, सहा तासांत लघवी झाली नसेल, मूल सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरी वाट पाहू नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लगेचच दाखवा.

वाचलेल्या वेळेचं काय करायचं?

जेवताना मोबाइल लागतो, ही तक्रार आता भूक नसण्याच्या तक्रारीइतकीच येते. विचारत गेलं की कळतं, मोबाइल जेवण सुरू व्हायच्या आधीच हातात आलेला असतो. आई किंवा बाबा गॅसपाशी, मूल पायाशी रडतंय, शेगडी जवळ, हातात सुरी. अशा वेळी मोबाइल देणाऱ्या पालकाला मी दोष देत नाही. मूल भाजू नये म्हणून ते केलेलं असतं. पण एक तास पडद्यापुढे बसलेलं मूल मग तो पडदा सोडून ताटाकडे येत नाही.

स्वयंपाक एका तासाचा पंधरा मिनिटांवर आला, की मिळालेली पाऊण तासाची जागा दुसऱ्या कामानं भरू नका. मुलाबरोबर खाली बसा. त्याला त्याच्या हातानं खाऊ द्या, सांडू द्या. पुरे म्हणाला तर थांबा. किती खायचं हे मुलाला ठरवू द्या, काय आणि केव्हा हे आपण ठरवायचं. आमच्या घरी हे काम बहुतेक दिवशी सासूबाई करतात, कारण मी दवाखान्यात असते. त्यांना आता संध्याकाळी ओट्यापाशी तासभर उभं राहावं लागत नाही. त्यांच्या गुडघ्यांच्या दृष्टीनं ही गोष्ट लहान नाही.

या सगळ्यात काम एकाच व्यक्तीच्या अंगावर पडता कामा नये. रविवारचा दीड तास म्हणजे आईच्या सुट्टीतून आणखी दीड तास कापून घेणं असेल, तर ही पद्धत महिनाभरही टिकणार नाही. दोघांनी मिळून केलं तर तो तास गप्पांत जातो.

ज्यांना हे सुरू करायचं आहे, त्यांनी सगळं एकदम करू नका. या रविवारी तीनच गोष्टी करा: वाटणाच्या वड्या, एक वाटी मोड आलेले मूग आणि चार उकडलेली रताळी. कोरड्या बरण्यांपैकी मेतकूट किंवा भाजणी, जे घरात खाल्लं जातं ते एक आणून ठेवा. पुढचे दोन आठवडे एवढंच. साडेसहाला बिस्किटाच्या पुड्याऐवजी रताळं हातात द्या, आणि आठला मूल किती जेवतं ते पाहा. दोन आठवड्यांनीही मूल जेवत नसेल, वजन वाढत नसेल, चेहरा फिकट वाटत असेल किंवा ते माती-खडू खात असेल, तर ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. दिवसभरात काय काय खाल्लं याची यादी लिहून न्या. त्या यादीतून डॉक्टरांना अर्धं निदान कळतं.